दारू सोडणाऱ्यांचा गट नाशिकमध्ये कसा शोधावा

दारू सोडायची आहे, असे पिणारा माणूस स्वतःहून म्हणतो ती वेळ बहुधा सकाळची असते. रात्रीचे नीट आठवत नसते, डोके ठणकत असते, घरात कोणी धड बोलत नसते, आणि त्या शांततेत तो म्हणतो, ‘आता बास.’ संध्याकाळी सहाच्या सुमारास तेच वाक्य विरून गेलेले असते. आमच्या घरी दादांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या, बाबतीत हे कित्येक वर्षे चालले. आमची चूक अशी होत असे, की ते ‘बास’ म्हणाल्यावर आम्ही चौकशीला लागायचो, आणि पत्ता हाती येईपर्यंत ते पुन्हा गुत्त्यावर पोहोचलेले असायचे. म्हणून पहिली सूचना ही, की गटाचा पत्ता, वार आणि वेळ आधीच मिळवून कागदावर लिहून ठेवावी, आणि तशी सकाळ उजाडली की त्याच संध्याकाळी मिटिंगला जावे. ही चौकशी पिणाऱ्याने स्वतः केली तर उत्तमच, परंतु घरातल्या कोणीही ती करून ठेवायला हरकत नाही.

मात्र गटाच्या आधी डॉक्टर. रोज आणि भरपूर पिणाऱ्या माणसाने दारू एकाएकी बंद केली, तर शेवटच्या घोटानंतर साधारण सहा ते बारा तासांत हात थरथरणे, घाम, मळमळ, बेचैनी सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भास होतात, दिवस कोणता आणि जागा कोणती याचे भान सुटते. या शेवटच्या अवस्थेला वैद्यकात ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ म्हणतात आणि उपचार न मिळाल्यास ती जिवावर बेतते. ‘मन घट्ट कर, सगळे ठीक होईल’ या सल्ल्याने फिट थांबत नाही. म्हणून त्र्यंबक रस्त्यावरच्या जिल्हा रुग्णालयात, ज्याला आपण सगळे सिव्हिल म्हणतो, मानसोपचार विभागात किंवा आपल्या ओळखीच्या डॉक्टरांकडे जाऊन रोज किती पितो हे खरे सांगावे. ‘कधीतरी दोन पेग’ असे सांगितले, तर औषधाचा अंदाजही त्या दोन पेगांवरूनच बांधला जातो. घरबसल्या विचारायचे असेल तर १४४१६ या सरकारच्या मानसिक आरोग्यासाठीच्या टेली मानस क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीत बोलता येते. फिट आली किंवा माणूस बरळू लागला तर मात्र वाट न पाहता १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी.

याच ठिकाणी आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती चांगल्या चांगल्या घरांत घडते. पिणाऱ्याच्या नकळत त्याच्या भाजीत किंवा चहात मिसळायची ‘दारू सोडवणारी पावडर’ कोणी आणून दिली, तर ती घेऊ नये. दारू सोडवण्यासाठी देतात ते डायसल्फिरामसारखे औषध पोटात असताना दारू प्यायली तर रक्तदाब घसरतो, छातीत धडधडते, उलट्या होतात आणि प्रसंगी प्राणही जाऊ शकतो. म्हणूनच ते रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे औषध आहे.

गट कोणता आणि तो कसा ओळखायचा

सर्वांत सहज सापडणारा गट म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजेच ए.ए. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील ॲक्रन या गावी १९३५ साली एक शेअर दलाल आणि एक शल्यविशारद, दोघेही दारूने पोखरलेले, एकमेकांशी बोलत राहिल्याने कोरडे, म्हणजे दारूविना, राहिले, आणि त्यातून ही चळवळ उभी राहिली. भारतात ती १९५७ साली आली. या गटाची सदस्य होण्याची अट एकच असते : दारू थांबवण्याची इच्छा. फी नसते, फॉर्म नसतो, जातधर्म विचारत नाहीत, पूर्ण नाव सांगावे लागत नाही. मिटिंगच्या शेवटी एक पिशवी किंवा डबा फिरतो, त्यात सदस्य ऐपतीप्रमाणे दहावीस रुपये टाकतात, त्यातून जागेचे भाडे आणि चहा निघतो; नवख्याने काही टाकले नाही तरी कोणी त्याच्याकडे पाहत नाही. बाहेरच्यांकडून देणगी घ्यायची नाही हा त्यांचा नियमच आहे.

या पैशाच्या नियमावरूनच अस्सल गट ओळखता येतो. मोबाइलवर ‘नशामुक्ती नाशिक’ असे शोधले की वर येतात त्या बहुतेक खाजगी केंद्रांच्या जाहिराती. केंद्र वेगळे आणि गट वेगळा. केंद्रात माणूस काही आठवडे राहतो आणि त्याचे पैसे पडतात. गटात तो तासदीड तास बसतो आणि घरी जातो. काहींना केंद्राची खरोखर गरज असते, परंतु गट शोधायला निघालेल्या माणसाच्या गळ्यात केंद्र पडू नये. आम्ही असा एक क्रमांक फिरवला होता. पलीकडच्या गृहस्थांनी दादांचे नाव विचारण्याआधी आमचे उत्पन्न विचारले, आणि ‘तुम्ही फक्त पत्ता द्या, रात्री गाडी पाठवून उचलून नेतो’ असे आश्वासन दिले. वहिनींनी तो फोन माझ्या हातातून घेऊन बंद केला, हे त्या वर्षीचे आमच्या घरातले सर्वांत शहाणपणाचे काम होते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे उद्भवणारे मानसिक विकारही येतात, आणि सज्ञान माणसाला त्याच्या संमतीशिवाय दाखल करण्यासाठी त्या कायद्याने तज्ज्ञांच्या तपासणीची पद्धत घालून दिली आहे. चार धिप्पाड माणसे आणि एक व्हॅन ही ती पद्धत नव्हे. केंद्रात ठेवण्याची वेळ आलीच, तर नोंदणीचे प्रमाणपत्र पाहावे, डॉक्टर कोण आणि किती वेळ असतात ते विचारावे, आणि नातेवाइकांना भेटू देतात की नाही याची खात्री करावी. भेटू देत नसतील तर पुढे चौकशीच करू नये.

ए.ए.खेरीज दुसरी वाट पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राची आहे. डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या या केंद्रातून उपचार घेऊन परतलेल्यांसाठी पाठपुराव्याच्या बैठका घेतल्या जातात, म्हणून तेथे फोन करून आपल्या शहराजवळची बैठक विचारून घ्यावी. केंद्र सरकारचा १४४४६ हा विनामूल्य क्रमांकही सरकारी मदतीवर चालणाऱ्या केंद्रांची माहिती देतो.

पत्ता मिळवण्याच्या वाटा

ए.ए.चे देशपातळीवरचे कार्यालय मुंबईत आहे, आणि त्यांच्या भारतातील संकेतस्थळावर मदतीचे क्रमांक व गटांची माहिती दिलेली असते. तेथून नाशिकचा क्रमांक घ्यावा आणि लगेच फोन करावा, कारण छापील किंवा मोबाइलवर फिरणारी यादी जुनी असू शकते : शाळेच्या वर्गात भरणारा गट परीक्षांच्या काळात दुसरीकडे जातो, एखादा हॉल लग्नसराईत मिळत नाही, एखाद्या वाराची मिटिंग बंद होऊन दुसऱ्या वाराला सुरू होते. फोनवर फार प्रस्तावना करू नये. ‘नमस्कार, मला ए.ए.च्या मिटिंगला यायचे आहे, मी सिडकोत राहतो, जवळची मिटिंग कोणती आणि आज कुठे आहे?’ एवढे पुरते. घरच्या माणसाने फोन केला असेल तर पलीकडून बहुधा विचारणा होते, की पिणाऱ्याला स्वतःला बोलायचे आहे का. दादांनी फोन हातात घेतला तेव्हा पलीकडच्या माणसाने त्यांना एकही उपदेश केला नाही. ‘भाऊ, मीपण पीत होतो, आज संध्याकाळी या, मी गेटपाशी उभा राहतो’ एवढेच तो म्हणाला. गेटपाशी कोणीतरी उभे राहण्याची ही सोय मागून घ्यावी. अनोळखी इमारतीचा जिना एकट्याने चढताना परत फिरण्याची इच्छा फार जोर करते.

फोन लागला नाही तर सिव्हिलमध्ये मानसोपचार विभागात विचारावे. व्यसनी रुग्णांशी रोज संबंध येणाऱ्या समुपदेशकांना गटांची माहिती असण्याचा संभव अधिक. त्याचप्रमाणे अनेक शहरांत ए.ए.च्या मिटिंगा चर्चच्या आवारात किंवा शाळेच्या खोलीत भरतात, तेव्हा शरणपूर रस्ता किंवा नाशिकरोडकडच्या चर्चच्या कार्यालयात सहज विचारायला हरकत नाही. येथे काहींच्या मनात शंका येते, ती दूर करायला हवी : चर्चमध्ये भरणारी मिटिंग चर्चची नसते. गट त्या खोलीचे भाडे देतो आणि वेळ झाली की कुलूप लावून निघून जातो. सातपूर किंवा अंबडच्या मोठ्या कारखान्यांत काम करणाऱ्यांनी कामगार कल्याण अधिकाऱ्यांना किंवा युनियनच्या जुन्या माणसाला विचारावे. गैरहजेरीचे कागद त्यांच्याच टेबलावरून जात असल्यामुळे कोणाची गाडी कोठे रुळावर आली हे त्यांना ठाऊक असते.

घड्याळ आणि रस्ता

दोन-तीन गटांचे पत्ते हाती आले म्हणजे त्यांतला ‘चांगला’ कोणता हे लोक विचारू लागतात. माझे मत असे, की सुरुवातीला चांगला गट तोच, ज्याची वेळ आपल्या पिण्याच्या वेळेवर पडते आणि ज्याच्या वाटेवर आपला बार येत नाही. आम्ही प्रथम शहराच्या दुसऱ्या टोकाचा, जुना आणि नावाजलेला गट निवडला. दादा अंबडच्या कारखान्यातून सुटून बसने निघायचे, मध्ये बस बदलायची, आणि बस बदलायच्या थांब्यासमोरच त्यांची ओळखीची परमिट रूम. तीनपैकी दोन वेळा ते मिटिंगला पोहोचलेच नाहीत, आणि तिसऱ्या वेळी पोहोचले ते परत फिरताना तेथे शिरले. मग घरापासून पायी पंधरा मिनिटांवरचा, आठदहा माणसांचा लहान गट शोधला. मिटिंग संध्याकाळची, म्हणजे नेमकी ज्या वेळेला त्यांचा हात खिशातल्या सुट्ट्या पैशांकडे जायचा त्या वेळची. तेवढ्या एका बदलाने जे झाले, ते आमच्या सगळ्या भाषणांनी झाले नव्हते.

तेव्हा कागदावर दोन रकाने आखावेत. एकात आपण रोज प्यायला सुरुवात कधी करतो ती वेळ आणि कोठून कोठे जातो ती वाट लिहावी, दुसऱ्यात गटाची वेळ आणि तेथे जाण्याची वाट. सिटीलिंकची बस, रिक्षा की पायी, शेवटची परतीची बस किती वाजता, हेही लिहावे, कारण ‘बस चुकली’ हे कारण पहिल्या महिन्यात फार सोपे असते. दुसऱ्या पाळीच्या कामगारांची अडचण खरी आहे : मिटिंगा बहुधा संध्याकाळी असतात आणि ते तेव्हा मशिनवर असतात. त्यांनी सुट्टीच्या दिवसाची मिटिंग धरावी आणि उरलेल्या दिवशी मोबाइलवरून भरणाऱ्या मिटिंगांपैकी सकाळची एखादी घ्यावी. आठवड्यात एकच मिटिंग मिळणाऱ्याला गटाची सवय लागतेच असे नाही; शक्य असेल त्याने सुरुवातीला जवळपास रोज जावे, एका गटाला रोज जमत नसेल तर पंचवटीचा एक, सिडकोचा एक असे वार जुळवून घ्यावेत. जुने सदस्य नवख्याला ‘नव्वद दिवसांत नव्वद मिटिंगा’ असे सांगतात. आकडा ऐकून घाबरू नये. एवढ्याच संध्याकाळी त्याने आधी बारमध्ये घालवलेल्या असतात.

पहिल्या मिटिंगला काय होते हे आधी माहीत असले तर पाय कमी अडखळतात. ‘ओपन’ मिटिंगला नातेवाईक किंवा कोणीही बसू शकते, ‘क्लोज्ड’ मिटिंग फक्त दारूचा प्रश्न असलेल्यांची असते. फोनवरच विचारून घ्यावे. आम्ही गेलो ती खोली प्राथमिक शाळेची होती. दुसरीच्या बाकांवर पन्नाशीची माणसे गुडघे वर करून बसली होती आणि फळ्यावर दिवसभरातले पाढे तसेच होते. सुरुवातीला थोडी शांतता, मग कोणीतरी वाचन केले, मग एकेकाने नाव सांगून स्वतःची हकिगत सांगितली. याला ते ‘शेअरिंग’ म्हणतात. एकाने मुलीच्या बारशाला आणलेले पैसे कसे उडवले ते सांगितले, आणि कोणी चुकचुकले नाही, कोणी सल्ला दिला नाही; पुढच्याने स्वतःची हकिगत सुरू केली. दादांची पाळी आली तेव्हा ते ‘मी आज फक्त ऐकतो’ म्हणाले आणि ते चालले. त्या खोलीत त्यांच्याच कंपनीच्या स्टोअरमधला माणूस बसला होता, हे पाहून ते परत निघणार होते. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये त्या माणसाने एक अक्षर न काढता त्यांच्यापुढे चहाचा ग्लास सरकवला. ओळखीचे कोणी भेटेल ही भीती नाशिकसारख्या शहरात खोटी नाही, परंतु तेथे पाहिलेला माणूस आणि तेथे ऐकलेली गोष्ट बाहेर न्यायची नाही हा नियम गटाची माणसे मनापासून पाळतात.

ए.ए.च्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख आहे, ‘आम्हाला समजला तसा ईश्वर’ अशा शब्दांत. नास्तिकांना ते खटकते, आणि दुसऱ्या टोकाच्या माणसाला वाटते की आपण वणीच्या देवीसमोर शपथ घेतलीच आहे, मग गट कशाला. माझ्या पाहण्यात शपथ खोटी नसते, पण ती आयुष्यभराची असते आणि त्यामुळे एकदा मोडली की माणूस ‘आता मोडलीच आहे’ म्हणून पुढे पीतच राहतो. गट फक्त आजच्या दिवसाचा हिशेब विचारतो. ज्याला प्रार्थना नको असेल त्याने त्या मिनिटभर गप्प उभे राहावे. आणि हे सगळे केवळ भावनेचे आहे असे वाटणाऱ्यांसाठी : वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ व्यक्ती यांचा विचार झाला, आणि दारू पूर्ण बंद ठेवण्याच्या बाबतीत ए.ए. आणि तिच्याशी जोडून देणारे पद्धतशीर उपचार हे इतर प्रस्थापित मानसोपचारांच्या बरोबरीचे किंवा काहीसे सरस ठरले. एक मात्र सांभाळावे. गटातल्या कोणी ‘ती गोळी बंद कर, आता तुला गरज नाही’ असे म्हटले तर ऐकून घेऊन सोडून द्यावे. मानसोपचारतज्ज्ञांची औषधे त्यांनाच विचारून बदलायची असतात, आणि सदस्यांनी डॉक्टर होऊ नये असे ए.ए.चे साहित्यही सांगते.

एका मिटिंगवरून गटाचा निकाल लावू नये. एखाद्या दिवशी एकच माणूस अर्धा तास बोलतो, एखाद्या दिवशी पंखा बंद असतो. पाचसहा वेळा जावे, मग नको वाटला तर दुसरा गट धरावा. एखाद्या जुन्या, काही वर्षे कोरड्या असलेल्या सदस्याचा क्रमांक घ्यावा. त्यांच्या भाषेत तो पुढे ‘स्पॉन्सर’ होतो, आणि त्याला पिण्याआधी फोन करायचा असतो, प्यायल्यानंतर नव्हे. नाशिकमध्ये हा फोन द्राक्षांच्या हंगामात जास्त वेळा लागतो, कारण लग्नात, पार्टीत ‘वाईन म्हणजे द्राक्षाचा रसच की’ असे म्हणणारा पाहुणा हमखास निघतो. त्या रसात बहुधा १२ ते १४ टक्के अल्कोहोल असते. दादा दुसऱ्या महिन्यात त्याच रसावर घसरले. गटात त्याला ‘स्लिप’ म्हणतात. दुसऱ्या दिवशी ते मान खाली घालून गेले तेव्हा पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजणी सुरू झाली, एवढाच काय तो दंड.

स्त्रियांना नाशिकमध्ये अशा खोलीत शिरणे अधिक जड जाते, कारण बऱ्याचदा तेथे सगळे पुरुषच असतात. त्यांनी फोनवरच ‘महिला सदस्य येतात का’ हे विचारावे, आणि येत नसतील तर महिलांच्या ऑनलाइन मिटिंगची चौकशी करावी. पिणाऱ्याच्या बायको-आईवडिलांसाठी अल-अनॉन हा स्वतंत्र गट असतो आणि त्याची माहिती ए.ए.च्या क्रमांकावरही मिळू शकते. नवरा गटाला येवो न येवो, वहिनींनी तेथे जायला थांबू नये. आमच्या वहिनी दादांच्या आधी तीन महिने जात होत्या, आणि क्वार्टर शोधून बेसिनमध्ये ओतण्याचे काम त्यांनी तेथेच सोडले. घरात मारहाण होत असेल तर मात्र तो गटाचा विषय राहत नाही. १८१ ही महिला मदतवाहिनी आणि ११२ हा पोलिसांचा क्रमांक त्यासाठी आहे.

महिनाभर नियमित गेल्यावर गटात एखादे काम मागून घ्यावे : सतरंजी घालणे, खुर्च्या मांडणे, किल्ली आणणे. काम अंगावर असले की ‘आज राहू दे’ म्हणता येत नाही, कारण दाराशी सातआठ माणसे कुलपाकडे पाहत उभी राहतात. दादांकडे सध्या चहाचा थर्मास आहे. मिटिंगनंतर तो आमच्याकडे घासायला येतो, आणि दुसऱ्या दिवशी साडेसहाला ते वहिनींना विचारतात, ‘साखर किती घातलीस?’